पाचशे नकोत, एकेचाळीस पुरेत

पत्र:

ताई, मी १६ वर्षांची आहे. गेल्या वर्षी शाळेतल्या आम्ही २२ जणांनी एका मोकळ्या जागेवर १५० रोपं लावली. रोपं एका संस्थेनं दिली होती. कार्यक्रम छान झाला, पाहुणे आले, गटप्रमुख म्हणून माझा सत्कार झाला. आज त्यातली ४१ जिवंत आहेत आणि पाणी घालायला आम्ही चौघंच उरलोय. आता तीच संस्था म्हणते, यंदा ५०० लावू, तूच पुढाकार घे. बाबा म्हणतात, परीक्षेचं वर्ष आहे, समाजकार्य पुरे झालं. मला नाही म्हणता येत नाही आणि हो म्हणायची भीती वाटते. आमचं काम फसलं का? जागेचा फोटो जोडलाय.

ता. क. सत्कार माझा झाला, पण उन्हाळाभर पाणी खरं तर माझ्या मैत्रिणीनं घातलं. ती आता माझ्याशी धड बोलत नाही.

– नावापुरती गटप्रमुख

उत्तर:

नावापुरत्या गटप्रमुखास,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा ता. क.पाशी अडखळले. इतकी पत्रं वाचून मला एवढं कळलंय की माणसं दुखणं सगळ्यात शेवटी लिहितात, जाता जाता सहज आठवल्यासारखं. तुझ्या मैत्रिणीकडे मी येणार आहे. आधी रोपांचा हिशेब करू, कारण तो सोपा आहे.

१५० पैकी ४१ म्हणजे शेकडा सत्तावीस. कमीच आहेत. तुला बरं वाटावं म्हणून मी त्याला यश म्हणणार नाही. पण तुला हा आकडा माहीत आहे, याचं मला कौतुक वाटलं. वृक्षारोपणाच्या फलकावर लावलेल्या रोपांचा आकडा ठळक अक्षरांत असतो, जगलेल्यांचा आकडा मात्र विचारावा लागतो आणि विचारलं की लोक एकमेकांकडे बघतात. तू जाऊन मोजलीस. ते काम तुला कुणी सांगितलेलं नव्हतं.

आता पुढचं काम थोडं उदास आहे, पण कर. उरलेली १०९ का मेली ते शोधा. ‘पाणी मिळालं नाही’ हे उत्तर निम्मंच खरं असतं. अजून जागेवर उभी असलेली दहा-बारा वाळकी रोपं हलक्या हातानं उपटा आणि मुळांकडे बघा. मुळं पिशवीच्या आकारातच गोल वेटोळी घालून बसली असतील तर ती बाहेरच्या मातीत गेलीच नाहीत. रोप फार दिवस पिशवीत राहिलं होतं, आणि लावताना कुणी मुळं मोकळी केली नाहीत. कधीकधी तर प्लॅस्टिकची पिशवीच खाली तशीच सापडते. घाईच्या कार्यक्रमात, पाहुणे कॅमेऱ्यासमोर उभे असताना, पिशवी फाडायला कोण थांबतं? खोड आणि मूळ जिथे जुळतात ती मान मातीखाली गाडली गेली असेल तर तिथली साल काळी, मऊ पडलेली दिसेल. ती कुजली. बुंध्याशी आडवी जखम असेल तर बहुधा गवत कापणाऱ्याचा विळा लागला, किंवा कुठल्या जनावरानं साल खाल्ली. आणि यातलं काहीच दिसलं नाही, मुळं सरळ, साल शाबूत, तर मग खरंच तहानेनं गेलं समजा.

प्रत्येक रोपापुढे वहीत एका शब्दात कारण लिहा. पिशवी. मान. विळा. तहान. तासाभराचं काम आहे. त्यानंतर तुमच्याकडे जे असेल ते त्या संस्थेकडेही नसेल. कुठलं कारण तुमच्या हातातलं होतं आणि कुठलं नव्हतं, हे तुम्हाला कागदावर दिसेल. ‘काम फसलं का’ या प्रश्नाचं उत्तर त्या वहीत आहे, माझ्याकडे नाही.

लिहून ठेवण्याबद्दल मी एवढा आग्रह धरतेय, त्याला कारण आहे. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासच्या किनाऱ्यावर लिंडा मॅरानिस आणि कॅथी ओ’हारा या दोघींनी स्वच्छता मोहीम काढली. किनारे त्याआधीही साफ होत होते. या दोघींनी आलेल्या लोकांना पोत्यासोबत एक कार्डही दिलं: जे उचलाल ते लिहा. किती बाटल्या, किती दोर, किती झाकणं. आज ती मोहीम जगभर दर वर्षी चालते आणि त्या नोंदींवरून कळतं की किनाऱ्यावर नेमकं काय येऊन पडतंय. नुसती पोती भरली असती तर दुसऱ्या दिवशी किनारा परत तसाच, आणि हातात काही नाही.

जगलेल्या ४१ रोपांचं सांगते, कारण ती आज तहानलेली आहेत. रोज मगभर पाणी शिंपडत असाल तर थांबा. त्यानं वरची दोन बोटं माती भिजते आणि मुळं पाण्याच्या आशेनं वरच राहतात, मग चार दिवस खंड पडला की रोप मान टाकतं. त्यापेक्षा दिवसाआड-दोन दिवसांनी, पण सावकाश आणि भरपूर. आळं खोडाला चिकटून नको, थोडं लांब आणि रुंद करा, कारण पाणी पिणारी बारीक मुळं बाहेरच्या बाजूला असतात. आळ्यात वाळलेल्या पाल्याचा चार बोटं थर द्या, फक्त खोडाभोवती वीतभर जागा मोकळी सोडा, नाहीतर ओल धरून साल कुजते. गवत आळ्यात वाढू देऊ नका. लहान रोपाचं पाणी गवतच आधी पितं. आणि बोट मातीत खुपसून बघायची सवय लावा. दुसऱ्या पेरापर्यंत ओल असेल तर त्या दिवशी पाणी नको. हे एकदा जमलं की निम्मे हेलपाटे वाचतात.

हेलपाट्यांवरून ५०० चं बघू. समजा एका रोपाला आठवड्याला दहा लिटरच्या दोन बादल्या लागतात. ४१ रोपांना ८२ बादल्या. चौघांत वाटल्या तर प्रत्येकी वीस-एकवीस. दमछाक आहे, पण होतं. त्यात ५०० वाढवा. १०८२ बादल्या, म्हणजे प्रत्येकी २७०, दर आठवड्याला. एक भरलेली बादली दहा किलोची. बाई गं, हे पुढाकार घेण्याचं आमंत्रण नाही, हमाली आहे, आणि पहिली दोन-तीन वर्षं ती चुकत नाही. जमिनीत मुळं खोल जाईपर्यंत रोप तुमच्यावरच अवलंबून असतं.

म्हणून माझं उत्तर सरळ आहे: ५०० ला नाही म्हण. पण नुसतं ‘नाही’ म्हणून गप्प बसू नकोस, पत्र लिही. त्यात पहिल्याच ओळीत तुमचा खरा आकडा टाक, १५० पैकी ४१. मग वहीतली कारणं. मग लिही की यंदा आम्ही नवीन रोपं लावणार नाही, ही ४१ मोठी करणार आहोत, आणि त्यासाठी आम्हाला एक पाण्याची टाकी आणि जागेच्या टोकापर्यंत पोचेल एवढा पाइप हवाय. शेवटी विचार: ५०० रोपांना तीन वर्षं पाणी कुठून आणि कोण घालणार, हे ठरलंय का? ठरलं असेल तर लेखी कळवा, आम्ही बसून बोलू.

अशा पत्रानं संस्थेतली मंडळी नाराज होतील का? होतील कदाचित. काहींना रोपं लावलेली दाखवायची असतात, वाढलेली दाखवायला कुणाला वेळ नसतो. पण सगळेच तसे नसतात. एखादीला तुझं पत्र वाचून हायसं वाटेल, कारण तिलाही मनातून हेच म्हणायचं असेल आणि तिच्या वरिष्ठांना कुणीतरी बाहेरून सांगायला हवं असेल.

आणि एक. रोपं लावणं हेच पर्यावरणाचं काम, असं समजू नकोस. जी जागा आपल्याला मोकळी दिसते ती कधीकधी गवताळ रान असते. तिथले पक्षी, किडे, सरडे गवतावरच जगतात आणि झाडं लावली की ते हुसकले जातात. पुढे कधी नवी जागा घ्याल तेव्हा आधी विचारा, इथे पूर्वी काय होतं.

तुझ्या सहीकडे येते. ‘नावापुरती गटप्रमुख’ असं तू गमतीनं लिहिलंस की रागानं, कळलं नाही, पण शब्द नेमका आहे. रॉजर हार्ट नावाच्या अभ्यासकानं १९९२ मध्ये युनिसेफसाठी लिहिताना मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या तीन पायऱ्यांना त्यानं सहभाग म्हणायलाच नकार दिला. मुलांना आपल्या हेतूसाठी वापरून घेणं ही पहिली. त्यांना सजावटीसारखं उभं करणं ही दुसरी. नावापुरतं पुढे करणं ही तिसरी. मंचावर हार घालून घेताना तू कितव्या पायरीवर होतीस ते तूच बघ. जागा कुणी ठरवली? रोपांची जात? दिवस? तुम्हा २२ जणांपैकी एकालाही विचारलं होतं का?

पण त्या शिडीची गंमत वरच्या टोकाला आहे. मला वाटलं होतं, सगळ्यात वरची पायरी म्हणजे मुलं सगळं स्वतः करतात, मोठी माणसं बाजूला. तसं नाहीये. ती सातवी. आठव्या पायरीवर काम मुलांनी सुरू केलेलं असतं आणि निर्णय मोठ्यांबरोबर बसून होतात. म्हणजे मोठ्यांकडे मदत मागितली की आपलं नेतृत्व कमी झालं, असं मानायचं कारण नाही. काय मागायचं ते मात्र आपण ठरवायचं.

इथे बाबा येतात. बाबांचं निम्मं बरोबर आहे: परीक्षेचं वर्ष आहे आणि तू जर रोज संध्याकाळी बादल्या वाहणार असशील तर मीही त्यांच्याच बाजूनं बोलेन. त्यांच्याशी वाद घालू नकोस, त्यांच्यापुढे वेळापत्रक ठेव. आठवड्यात दोन तास, वार आणि वेळ ठरलेली, परीक्षेआधीचे दोन महिने पूर्ण सुट्टी आणि त्या काळात तुझ्याऐवजी कोण, त्याचं नाव. ‘समाजकार्य’ म्हटलं की बापाच्या डोळ्यांसमोर अथांग काहीतरी उभं राहतं. दोन तास म्हटलं की आवाका कळतो. शिवाय त्यांना एक काम दे. जागेच्या मालकाची परवानगी कागदावर आहे का? तुमच्यापैकी कुणी सज्ञान नाही, तेव्हा तो कागद मोठ्या माणसाच्या सहीनंच होणार. वर्गणीचा किंवा देणगीचा पैसा असेल तर त्याचा हिशेब दोन मुलं लिहितील आणि एक मोठं माणूस महिन्याला तपासेल. काचा-सुया-अनोळखी बाटल्या दिसल्या तर हात न लावता त्यांना फोन करायचा. जागेवर एकट्यानं कुणी जायचं नाही. ही असली कामं बापमंडळींना मनापासून आवडतात, आणि एकदा कागदावर स्वतःची सही पडली की माणूस ‘सोडून दे’ म्हणायला जरा थांबतो. (हे मी तुला सांगितलं असं त्यांना सांगू नकोस.)

२२ चे चार झाले, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. नव्याचे नऊ दिवस सगळीकडेच असतात. ग्रेटा थुनबर्गचं नाव तुला पाठ असेल, पण ऑगस्ट २०१८ मध्ये हवामान बदलाविरुद्ध शाळा बुडवून स्वीडनच्या संसदेबाहेर धरणं धरलं तेव्हा पहिल्या दिवशी ती एकटीच बसली होती, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. गेलेल्या अठरांना ग्रुपवर टोमणे मारू नका. त्यातल्या कुणाला बादली उचलणं जमत नसेल, कुणाला ऊन सोसत नसेल, कुणाला घरातून सोडत नसतील. त्यांना एकेकट्याला विचारा, ‘महिन्यातून अर्धा तास देशील का, आणि काय करायला आवडेल?’ एखादा रोपांचा नकाशा काढेल. एखादी नंबरांच्या पाट्या रंगवेल. तिघं परत आले तरी सात झालात.

पण तुमच्या कामाचं खरं दुखणं संख्येत नाहीच. दुखणं हे की तुम्ही मोठे होताय. इंडोनेशियातल्या बाली बेटावर मेलाती आणि इसाबेल वायसन या बहिणींनी प्लॅस्टिक पिशव्यांविरुद्ध मोहीम सुरू केली ती २०१३ मध्ये, वयं १२ आणि १०. बेटावर बंदी लागू झाली २०१९ मध्ये. सहा वर्षं. तू आणखी सहा वर्षं शाळेत नसणार. तुमची रोपं माणसाच्या डोक्याइतकी होतील तेव्हा तू दुसऱ्याच गावात कॉलेजला असशील, आणि हे तुला आजच माहीत आहे.

मला नव्हतं. सतरा वर्षांची असताना मी लहान मुलांसाठी पुस्तकांची पेटी चालवत होते. पत्र्याची ट्रंक, दीडेकशे पुस्तकं, दर शनिवारी देवघेव. नोंदवही माझी, अक्षर माझं, किल्ली माझ्या दप्तरात. धाकट्या मुलांनी हात लावला की मी ओरडायची, वही खराब होईल म्हणून. पुढे शिकायला बाहेर पडले. दोन महिन्यांनी एका सातवीतल्या मुलाचं पोस्टकार्ड आलं. त्यावर मायना नव्हता, खुशाली नव्हती. एकच ओळ: ‘ताई, किल्ली कुठे आहे?’ ती माझ्या दप्तराच्या आतल्या कप्प्यात होती. मी पाठवली, पण तोवर शनिवारी येणारी मुलं यायची थांबली होती. ते पोस्टकार्ड अजून माझ्याकडे आहे.

तेव्हा किल्ली आजच दे. शाळेतली बारा-तेरा वर्षांची दोन मुलं शोध आणि वही त्यांच्या हातात ठेव, तू शेजारी उभी असताना. अक्षर वाकडं येईल, नंबर चुकतील, एक रोप दोनदा मोजलं जाईल. येऊ दे, चुकू दे. तुझ्यादेखत चुकली तर तू दाखवू शकशील. चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडॉल यांची ‘रूट्स अँड शूट्स’ ही मुलांची चळवळ १९९१ मध्ये टांझानियातल्या दार एस सलाम इथे सुरू झाली तेव्हा त्यांच्या घराच्या ओसरीवर फक्त बारा विद्यार्थी होते. ते बारा जण कधीच मोठे होऊन आपापल्या वाटेला लागले असतील. चळवळ नंतरच्या मुलांनी चालवली.

आता ता. क.

तुझ्या मैत्रिणीला राग कशाचा आला असेल? हार तुझ्या गळ्यात पडला याचा थोडा असेलही. पण माझा अंदाज वेगळा आहे. मंचावरून उतरल्यावर तू तिला काही बोलली नाहीस, आणि मग जितके दिवस गेले तितकं बोलणं अवघड होत गेलं. पुढे उन्हाळा आला, ती पाणी घालत राहिली आणि तुला ते दिसत होतं. पत्रात तू मला जे एका ओळीत लिहिलंस, ‘खरं तर पाणी तिनं घातलं’, ते तिला कधी म्हणालीस का?

म्हणशील तेव्हा ग्रुपवर लिहू नकोस, स्टेटस ठेवू नकोस, तिचा परत सत्कार घडवून आणू नकोस. तसलं काही केलंस तर तेही तुझाच कार्यक्रम होईल. ती पाणी घालायला जाते त्या वेळी जा, एक बादली उचल आणि चालता चालता सांग: सत्कार तुझा व्हायला हवा होता, मला तेव्हाच बोलायला हवं होतं, नाही बोलले. मग गप्प बस. ती कदाचित म्हणेल, ‘ठीक आहे.’ कदाचित काहीच म्हणणार नाही. तरी पुढच्या वेळीही जा.

‘मग आजपासून गटप्रमुख तूच’ असं मात्र चुकूनही म्हणू नकोस. उन्हाळाभर बादल्या वाहिलेल्या माणसाला बक्षीस म्हणून मीटिंगा आणि अर्ज देणं, ही कसली भरपाई? तिला काय हवंय ते विचार. कदाचित तिला फक्त पाइप हवा असेल. संस्थेला जाणाऱ्या पत्रात तिचं नाव आणि तिनं काय केलं ते साध्या शब्दांत लिही, पण आधी तिला दाखव. तिनं खोडलं तर खोडू दे.

जाता जाता, तुझा फोटो मी मोठा करून पाहिला. उजवीकडून दुसरं रोप, काठीला निळ्या नायलॉनच्या दोरीनं बांधलेलं. ती दोरी सालीत रुतलीये आणि तिच्या वरचा भाग फुगलेला दिसतोय. ती आधी काप. मग जुन्या सुती कापडाची पट्टी इंग्रजी आठासारखी सैल बांध, एक वेढा काठीला आणि एक खोडाला, मध्ये बोट जाईल एवढी जागा ठेवून. बाकीच्या चाळीसांच्याही दोऱ्या त्याच फेरीत बघून घे.

– ताई